बसऱ्याला गेलेले पणजोबा आणि कागदात सापडलेली पणजी

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने निम्म्या महाराष्ट्राला कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, हे कळलं. शिंदे समिती नेमली गेली, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली बासनं सुटली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर जुन्या नोंदींचे स्कॅन पडले. बहुतेक लोक त्यात जातीचा रकाना बघतात, आपलं काम झालं की फाइल बंद करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की फाइल लगेच बंद करू नका, शेजारचे रकानेही वाचा, कारण आपल्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट तिथे पडून असू शकते. आमच्या घरातली होती.

आमचं गाव कराड तालुक्यातलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलेलं, "पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत." बसरा म्हणजे इराकमधलं, त्यापुढे काही नाही. कोणती पलटण, कोणतं साल, कुठे वारले, कोणालाच माहीत नाही. आणि पणजीबद्दल तर तेवढंही नाही, "भावकीनं सांभाळलं तिला" असं एक वाक्य काय ते होतं. नाव सगळ्यांना माहीत, पण ते सासरचं, माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, ते कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी कामाला लागले ते अर्थातच पणजोबांसाठी.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. पहिल्या महायुद्धात आपल्याकडून पोरं भरभरून गेली, या गावातून इतके गेले नि त्यातले इतके मेले अशा पाट्या आजही किती गावांमधून दिसतात, सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर नावातच 'मिलिटरी' लागलं. मराठ्यांच्या तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा पलटणी होत्या, १९२२ ला त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली नि सेंटर बेळगावला बसलं. म्हणजे घरात कोणी "११७ मराठा" म्हणत असेल तर ती १९२२ च्या आधीची गोष्ट, हे डोक्यात ठेवा, कारण त्यानंतर ते नंबरच गेले.

आमच्याकडे सुरुवातीला हातात होतं ते फक्त एक मेडल. काकांकडे पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं, चांदीचं, काळं पडलेलं, एका बाजूला राजाचं डोकं. सगळ्यांनी ते शंभरदा हातात घेतलेलं, पण कोणी त्याची कड बघितली नव्हती. या मेडलच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात त्या जागी, बारीक इंग्रजी अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कड मऊ ब्रशने हलकेच पुसली, भिंग धरलं, आणि मोबाइलची टॉर्च तिरकी पाडली तेव्हा अक्षरं उठली, आधी नंबर, मग सिपॉय, मग नाव, आणि शेवटी ११७ मराठा. काका शेजारी उभे होते, ते काही बोललेच नाहीत, नुसते मेडल हातात घेऊन ओसरीत जाऊन बसले. ज्यांच्या घरी असं मेडल आहे त्यांनी कृपा करून ते सोनाराकडे पॉलिशला देऊ नका, घासून घासून कडेची अक्षरंच जातात. काही घरांमधे तळहाताएवढी जाड काशाची गोल थाळीही असते, त्यावर बाई आणि सिंह काढलेला असतो, ती मेलेल्या शिपायाच्या घरी पाठवायचे. तिच्यावर मात्र नुसतं नाव असतं, हुद्दा नाही की नंबर नाही.

पलटण कळली की पुढचं काम घरबसल्या होतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून संस्था आहे, १९१७ ला निघालेली, तिच्या साइटवर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नावं शोधता येतात, फुकट. अडचण एकच, आपली नावं साहेबाने त्याच्या कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. पवारचं पोवार, जाधवचं जाधाव, शिंद्यांचं सिंदे, आणि गावाचं नाव तर ओळखू येईल तर शपथ. त्यामुळे नावाने शोधत बसू नका. पलटण टाका, साल टाका, आणि जादा माहितीच्या रकान्यात नुसतं सातारा किंवा रत्नागिरी टाकून जी यादी येईल ती ओळ न्‌ ओळ वाचा. मी तेच केलं. त्या याद्या वाचताना जे होतं ते शब्दात सांगणं अवघड आहे, अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, राहणार पाटण, राहणार खटाव, राहणार खेड, राहणार दापोली, एकाखाली एक, सगळी आपल्या तोंडातली गावं, आणि शेवटी सगळ्यांच्या पुढे बसरा मेमोरियल.

आणि त्यातच आमचे पणजोबा होते. नंबर मेडलच्या कडेवरचाच. बापाचं नाव बरोबर, तालुका बरोबर, गावाचं नाव मोडकं पण ओळखू येणारं. आणि पुढे "हिचा नवरा" म्हणून पणजीचं नाव. तारीख १९१६ च्या पावसाळ्यातली.

ही तारीख बघून मग मी आत्याकडे गेले. आत्या पंचाऐंशीच्या घरातली, पणजीला तिने चांगली बघितलेली. तिला म्हटलं, तुला बसऱ्याचं काय काय आठवतं सांग. ती म्हणाली, "आगं, म्हातारी सांगायची, तिकडं घोडी खायाची पाळी आल्ती म्हनं. आपल्या पोरांनी न्हाई खाल्ली. शेजारच्या गावचा एक जन परत आल्ता, त्यानं येऊन तिला सांगितलं हुतं." आमच्या घरात हे सगळ्यांनी ऐकलेलं आणि म्हातारीचं काहीतरी म्हणून सोडून दिलेलं. पण हे कूटचं आहे. टायग्रिसच्या काठावरचं कूट अल अमारा, तिथे इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची फौज ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, आणि हिंदी शिपाई बरेच दिवस धर्मामुळे ते मांस खायला तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, आणि कैद्यांना उन्हातून वाळवंटातनं चालवत नेलं, हिंदी शिपायांना रास अल ऐनकडे रेल्वेच्या कामावर लावलं, तिथे रोगाने आणि उपासमारीने माणसं मेली. पणजोबांची तारीख शरणागतीनंतरची. आत्याला हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजी म्हातारी खोटं न्हवती सांगत."

बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून जास्त जणांची स्मृती आहे, ज्यांची कबरच नाही असे सगळे. मुळात ते बसऱ्याच्या बंदराजवळ होतं, १९९७ ला सद्दामच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच, भिंतीवर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या हिंदी जवानांची नाहीत, त्यांच्या पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा कोरलाय, इतके आणखी. नावं नुसती रजिस्टरात. २०२१ ला त्या कमिशनने स्वतःच अहवाल काढून हे भेदभावाने झालं असं मान्य केलं आणि माफी मागितली. म्हणून ती ऑनलाइन नोंद मी नीट छापून, फ्रेम करून घरात लावली. दगडावर नसेल तर नसेल, आमच्या भिंतीवर आहे.

इथपर्यंत पणजोबांचं झालं. लोक साधारण इथे थांबतात. मीही थांबणार होते, पण त्या नोंदीतल्या "हिचा नवरा" या दोन शब्दांनी मला थांबू दिलं नाही. नवरा १९१६ ला गेला, आजोबा तेव्हा चार वर्षांचे, मग पुढची पंधरा वर्षं जमीन कोणाच्या नावावर होती? सातबारा आज आमच्या नावावर आहे म्हणजे मधे कुठेतरी ती कोणीतरी राखली असणारच.

आता जमिनीच्या कागदांचं थोडं सविस्तर सांगते, कारण घराण्याचा इतिहास म्हणून याच्याइतकं पक्कं काही नाही. आजचा सातबारा घ्या. त्यावर फेरफार नंबर असतात, वर्तुळातले जुने, ते एकेक करून मागे मागे जायचं. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, जमिनीच्या मालकीत जो जो बदल झाला त्याची नोंद, कोण मेलं, वारस कोण, कोणी विकलं, कोणी गहाण ठेवलं, आणि शेवटी मामलेदाराची किंवा सर्कलची सही. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता आपले अभिलेख या सरकारी साइटवर स्कॅन करून ठेवलेत, थोडी फी भरली की डाउनलोड होतात, नाहीतर तहसीलला नकलेचा अर्ज द्यायचा. मधे एक मोठा खड्डा येतो तो गट स्कीमचा, १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या गट नंबराने तुम्ही मागे जायला लागलात की एका ठिकाणी वाट बंद होते. तेव्हा भूमी अभिलेखला जाऊन एकत्रीकरणाचा उतारा काढायचा, त्यात जुना सर्व्हे नंबर कोणता होता ते मिळतं, आणि वाट परत सुरू. त्याच ऑफिसला आकारबंद, सूड (म्हणजे जुन्या खातेदारांची नोंद), फाळणी, गुणाकार बुक असली जुनी कागदपत्रं असतात, तीही बघून घ्या, १९०० च्या आधीची नावं त्यातच मिळतात.

जुन्या नोंदीत माणूस "अमका बिन तमका" असा लिहिलेला असतो, म्हणजे तमक्याचा मुलगा, आणि बाई "अमकी कोम तमका", म्हणजे तमक्याची बायको. बायका शोधायच्या तर 'कोम' शोधा, नाहीतर 'भ्रतार'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अ.पा.क. शोधा. अज्ञान पालन कर्ता. मुलगा लहान असेल तर नाव मुलाचंच लागायचं आणि खाली लिहायचे, अ.पा.क. आई अमकी कोम तमका. १९३७ चा कायदा होईपर्यंत एकत्र कुटुंबातल्या विधवेला मिळकतीत वाटाच नव्हता, तिला अन्नवस्त्राचा हक्क काय तो होता, त्यामुळे बाईचं नाव सरकारी दप्तरात येण्याची जवळजवळ ही एकच फट होती, पोराच्या नावाखाली.

आमच्या पणजीचं नाव त्या फटीतून आलं होतं, पण सहजासहजी नाही. वारसाची जी पहिली नोंद सापडली ती तक्रारी निघाली. नोंदीचा मजकूर असा, की खातेदार लढाईवर मयत झाला, मुलगा अज्ञान, सबब मयताचा भाऊ याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल व्हावे असा अर्ज. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि त्याच्याखाली दुसऱ्या हाताने, मयताची बायको हिची हरकत, वाटणी अगोदर झालेली असून भाऊ विभक्त आहे. पुढे तारखा पडल्यात, पंचांचे जबाब झालेत, आणि शेवटी निकाल, अज्ञान मुलाचे नाव, अ.पा.क. आई. मंजूर. खाली मामलेदाराची सही, वाचता न येणारी.

मी तो कागद किती वेळा वाचला सांगता येणार नाही. एकवीस-बावीस वर्षांची बाई, नवरा परमुलखात गेलेला, ना प्रेत ना माती, लिहितावाचता येत नाही, आणि दिराच्या अर्जाला मामलेदारापुढे उभी राहून हरकत घेते. "भावकीनं सांभाळलं" हे आमच्या घरात तीन पिढ्या सांगितलं गेलं. त्या दिराची नातवंडं-पतवंडं आज आमच्या शेजारीच राहतात आणि आमचं अगदी छान आहे, त्यांच्यावर हे लादायचं नाही मला, तेव्हा सगळीकडेच असं चालायचं. पण पणजीला तिचं श्रेय मिळायला हवं, एवढंच.

आता ट्रंकेतला दुसरा कागद. मेडलच्याच फडक्याखाली एक स्टॅम्प पेपर होता, मोडीतला, घड्यांवर फाटलेला, आणि तळाला शाईने काढलेलं एक वाकडंतिकडं वर्तुळ. घरात सगळे समजायचे कसलं तरी यंत्र-तंत्र आहे म्हणून कोणी हात लावायचं नाही. मला मोडी तेव्हा येत नव्हती. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, पुराभिलेखवालेही घेतात, मी एका वर्गाला नाव घातलं, आणि शिकवणाऱ्या सरांना तो कागद दाखवला. त्यांनी वर्तुळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही बांगडी आहे. निशाणी बांगडी."

पूर्वी सही न येणारा माणूस आपल्या कामाची खूण काढायचा. शेतकऱ्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि बाईची बांगडी. शेजारी लिहिणारा लिहायचा, निशाणी बांगडी, दस्तूर अमका, म्हणजे अक्षर अमक्याचं. ज्या बाईच्या हातातली बांगडी त्या वेळेला फोडून झाली होती तिने टाक हातात धरून कागदावर बांगडी काढलेली. रेघ सुरू झाली तिथे शाईचा थेंब जास्त पडलाय आणि शेवटी टोकं जुळली नाहीत, थोडी फट राहिलीय. पणजीच्या हातचं एवढंच काय ते आमच्याकडे आहे, फोटोही नाही.

कागद गहाणखत निघाला, शके १८४२, रौद्र नाम संवत्सर, म्हणजे १९२०. (शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०, एवढं लक्षात ठेवलं की जुन्या तारखा बऱ्यापैकी उलगडतात, वर्षाच्या सुरुवातीच्या-शेवटच्या महिन्यांना एखाद्या वर्षाचा फरक पडतो तेवढा बघायचा.) ओढ्याकडचं रान दीडशे रुपयांवर गहाण, कारण लिहिलंय, बैल घेणे व घरखर्चाकरिता. आणि पाठीमागे वेगळ्या शाईत पावती, रुपये भरून पावले, खत परत दिले. म्हणून तर मूळ खत आमच्या ट्रंकेत आलं, सोडवलं नसतं तर ते सावकाराकडेच राहिलं असतं, आणि रानही. फेरफारातही बोजा चढलेला आणि नंतर कमी झालेला दिसतो, तारखा जुळतात.

पैसे कुठून आणले? आत्या सांगते म्हातारी दर खेपेला पेन्शन आणायला कराडला चालत जायची, येताना पैसे कनवटीला. आणि पावतीवर साक्षीदार म्हणून एकाचं नाव आहे, पुढे गाव पाटण तालुक्यातलं, आणि पुढे "नात्याने भाऊ". पणजीचा भाऊ! माहेरचं आडनाव आणि गाव, जे घरात कोणालाच माहीत नव्हतं, ते असं पावतीच्या पाठीवर बसलेलं.

मग त्या गावचं कोतवाल बुक. १८९४ ते १८९७ ची पानं बघितली, बापाचं नाव आता माहीत होतं म्हणून. सापडली. पण नाव नाही. त्या काळी जन्माची नोंद कोतवाल लगेच द्यायचा, बारसं व्हायच्या आधी, त्यामुळे नोंदीत बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं "स्त्री". माहेरचं नाव तिथेही नाही. ज्यांना मुली शोधायच्यात त्यांनी हे धरूनच चला, नावावर अडून बसाल तर कधीच सापडणार नाहीत, बापाच्या नावाने आणि सालाने शोधा. मुलग्यांची पुढे शाळेच्या जनरल रजिस्टरला भेट होते, तिथेही जन्मतारीख १ जून दिसली की ती मास्तरांनी शाळा उघडायच्या तारखेला टाकलेली आहे हे समजून घ्या, आमच्या आजोबांची तीच आहे, कोतवाल बुकात मात्र ते माघातले.

आमच्या गावच्या बुकात आणखी एक नोंद निघाली जी मला अपेक्षित नव्हती. १९१५ ला पणजोबांच्या नावावर एक जन्म, स्त्री. म्हणजे ते बसऱ्याला गेल्यावर मुलगी झाली होती. आणि ऑक्टोबर १९१८ ला मृत्यू, मुलगी, वय ३, कारण ताप. त्या महिन्याची पानं मी कोणालाही बघा म्हणणार नाही. एरवी गावात महिन्याला दोनचार मृत्यू, आणि तिथे पानंच्या पानं, कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, एकाच घरातली तीन-तीन नावं. इन्फ्लुएन्झाची साथ. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली त्यात, त्यात पाऊसही फसलेला, मुंबई इलाख्याला फार मोठा तडाखा बसला. आत्याला या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं. म्हातारीने कधी नावच काढलं नाही म्हणाली. फक्त एक आठवलं तिला, की म्हातारी नातींना तापाच्या दिवसात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची, कोणाला हात लावू द्यायची नाही.

आमच्याकडे हेळवीही येतात, सुगी झाली की, बैल घेऊन, आणि धान्य घेऊन वंशावळ म्हणतात. त्यांच्या वहीत आमची बरीच वरची नावं मिळाली, मूळ घराणं कुठून उठून इथे आलं तेही, आणि त्यातली दोन नावं जुन्या सूडाशी तंतोतंत जुळली. पण हेळव्याच्या वहीत बायका नाहीत. बायका मिळाल्या नाशकात. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की ते लांबडी वही काढतात, आणि पणजी वारल्यावर आजोबा अस्थी घेऊन गेलेले ते पान निघालं, आजोबांच्या हातचं. तीर्थश्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्या घेतात तशा आईच्या माहेरच्याही घेतात, म्हणून उपाध्ये आजोळ विचारून लिहून ठेवतात. पणजीच्या बापाचं नाव, आजाचं नाव, गाव, सगळं लिहिलेलं. पावतीवरच्या भावाचं आडनाव आणि हे आडनाव एकच. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, जिथे तुमच्या घरातले जायचे तिथे जाऊन एकदा विचारा, आणि वडिलांकडचं विचारून झालं की आईकडचंही विचारा, आपण ते विचारतच नाही.

दाखल्यासाठी तहसीलला जी वंशावळ लागते तिचा नमुना बघितलाय ना, बाप, मुलगा, नातू, पणतू, सरळ खाली. कामापुरती ती बरोबर आहे. पण घरासाठी मी वेगळी काढली, मोठ्या कागदावर, प्रत्येक सुनेचं माहेर आणि प्रत्येक लेकीचं सासर घातलं, आणि १९१५ ची ती मुलगीही घातली, नाव नाही म्हणून तिच्या चौकटीत जन्म आणि मृत्यूचं साल तेवढं. दिवाळीला सगळे जमले तेव्हा ती पडवीत लावली. चुलत घरातलेही आले, त्यांनीच त्यांच्याकडच्या दोन आत्यांची नावं सांगितली जी माझ्याकडे नव्हती.

पाटणच्या त्या गावी जाऊन आले, भावाचे नातू भेटले, त्यांच्या घरात आमच्या पणजीचं सासरचं नाव माहीत नव्हतं, पण "कराडकडं दिलेली एक आत्या हुती, तिचा मालक लढाईत गेला" एवढं माहीत होतं. त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्या चुलतीला विचारून ठेवतो म्हटलंय, माहेरचं नाव तिला माहीत असेल तर. या बाजूला कराड-पाटणकडे कोणाकडे ११७ मराठाचं मेडल असेल आणि घरात कूटचं किंवा घोड्यांचं काही बोललं जात असेल तर मला नक्की लिहा, मी त्याच पलटणीची कराड आणि पाटणची नावं एका ठिकाणी करतेय, गावांची मोडकी स्पेलिंगं सुधारून, म्हणजे पुढच्याला शोधायला सोपं जाईल. आणि ज्या नावांपुढे बायकोचं नाव आहे ते मी वेगळ्या रकान्यात घेतलंय.